रस्ता रुंद होताना वाटेवरच्या वीरगळांचं काय करायचं?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

आमच्या गावाकडे जाणारा रस्ता चौपदरी होतोय. रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओढ्याच्या उतारावर बाभळीखाली तीन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, होते. मुरूम टाकताना ठेकेदाराच्या माणसांनी ते जेसीबीने उचलले. दोन आता मारुतीच्या देवळाच्या कट्ट्याला टेकवून ठेवलेत. तिसरा उचलताना मधोमध तडकला, त्याचा वरचा भाग त्यांच्याच शेजारी टेकवलाय आणि खालचा तुकडा भरावात गेला.

हा खालचा तुकडा गेला याचंच जास्त वाईट वाटतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर कसा पडला ते असतं: लढाई, घोडेस्वार, ढाल-तलवारीचे लोक, आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन वर निघालेल्या असतात. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, बाजूला पुजारी असतो. माथ्यावर कलश, कधी चंद्र-सूर्य. वरच्या चौकटी सगळीकडे थोड्याफार फरकाने सारख्याच. माणूस कशासाठी मेला हे फक्त खालची चौकट सांगते. आमच्या दगडावर तिथे गाईंची रांग होती, एकीमागे एक, शिंगं नीट कोरलेली, आणि त्यांच्यापुढे धनुष्य ताणलेला एक जण. म्हणजे गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना पडलेला माणूस. आता उरलेल्या दगडावर स्वर्ग आहे, शिवलिंग आहे, गाई नाहीत.

शिवाय तो दगड गुरांच्या पाणवठ्यावर उभा होता. मारुतीच्या कट्ट्याला टेकवल्यावर हा संबंध कुणाला कळणार? चार-दोन वर्षांत शेंदूर लागेल आणि पुढच्या पिढीला तो देवच वाटेल.

माझं म्हणणं एवढंच की असे दगड शक्यतो आहेत तिथेच राहावेत, आणि शेजारी दोन ओळींची का होईना, पाटी असावी. तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असं काय काय आहे, त्याचं काय झालं, पाटी आहे का, ते इथे लिहा. आणि रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी नेमकं काय करता येतं, ते कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

अष्टागर

वाचून त्रास झाला. भरावातला तुकडा काढता येईल का ते आधी बघा, डांबर पडलं की संपलं.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी लागतं. तिथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. त्यात केसिदेवराय या राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हटलंय, आणि भइर्जू सेणुई या त्याच्या महाप्रधानाचं नाव आहे. एवढा मोलाचा दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उन्हापावसात पडून होता. आता त्याला नीट जागा मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

सर्वांत जुना कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहेत. कुणी श्रवणबेळगोळचं 'श्री चावुण्डराजें करवियलें' पुढे करतात, कुणी सोलापूरजवळच्या हत्तरसंग-कुडलचा शके ९४० चा लेख. त्या भांडणात मला रस नाही. आक्षीचा दगड आमच्या वाटेवर हजार वर्षं आहे, एवढं मला पुरतं.

गधेगळांबद्दल मात्र लिहायलाच हवं. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री, अशी ती शिळा. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातल्या अशा शिळा ठाणे-रायगड पट्ट्यात बऱ्याच आहेत. लोक ते चित्र बघून लाजतात, दगड पालथा घालतात, अपशकुनी म्हणून गावाबाहेर टाकतात. खरं तर ते दानपत्र आहे. राजाने जमीन किंवा उत्पन्न कुणाला तरी दिलं, ते चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, आणि जो मोडेल त्याच्या आईला ही शिवी. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही चित्रावरून धाक बसावा, म्हणून ते इतकं उघड कोरलंय. अश्लील म्हणून फोडू नका, हे प्रत्येक गावात सांगायला हवं.

कृष्णाकाठ

छान धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. आमच्या शिवारात एक शिळा आहे. तिच्यावर नुसता एक हात आहे, कोपरात वाकलेला, तळवा समोर. खाली दोन लहान माणसं बसलेली. आजी त्याला 'बाईचा दगड' म्हणायची आणि दर अमावास्येला हळद-कुंकू वाहायची. हा पण वीरगळच का?

ओढ्याकाठी

@कृष्णाकाठ, ही सतीशिळा. हातात बांगड्या दिसतील, नीट बघा. नवरा गेल्यावर सती गेलेल्या स्त्रीची ती खूण. बांगड्या म्हणजे ती सौभाग्यवती म्हणून गेली, असं सांगायचं असतं. पुष्कळदा वीरगळ आणि सतीशिळा शेजारी शेजारी असतात, कधी एकाच दगडावर दोन्ही. आजूबाजूच्या बांधात वीरगळ आहे का ते शोधा, कदाचित पालथा असेल.

तुमच्या आजींनी 'बाईचा दगड' हे नाव जपलं, ही फार मोठी गोष्ट आहे. ते नाव, शेताचं नाव आणि गट नंबर लिहून ठेवा. पाटी लावताना 'सती गेली' असं गौरवाने लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या बाईवर काय गुदरलं असेल ते आपण सांगू शकत नाही. शिळा कशाची आहे आणि गावात तिला काय म्हणतात, एवढं लिहिलं तरी पुरे.

गिरगावकर

मुंबईतही आहेत बरं का. बोरिवलीला एकसरचे वीरगळ प्रसिद्ध आहेत. दहा फुटांच्या आसपास उंच शिळा, आणि त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलीय: वल्ह्यांच्या रांगा, डोलकाठ्या, ओळीने हल्ल्याला निघालेली गलबतं. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्यांचं चौकटीगणिक वर्णन आहे. बरेच अभ्यासक ही लढाई शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, साधारण १२६५ ची मानतात. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि उत्तर कोकणातलं शिलाहारांचं राज्य संपलं. म्हणजे आज जिथे इमारतींची दाटी आहे, त्या परिसराचा सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी समुद्राशी काय संबंध होता, ते सांगणारा हा दगड. तो ठाण्याला किंवा फोर्टातल्या संग्रहालयात ठेवला असता तर हे इतक्या ठळकपणे जाणवलं असतं का?

दुसरं, मैलाचे दगड. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून हे दगड बसवले. काळा पाषाण, त्यावर रोमन आकडे. फूटपाथची उंची वाढत गेली तसे ते पुरले गेले, काहींचं नुसतं डोकं वर राहिलं. काहींना लोक फुलं वाहत होते. गेल्या काही वर्षांत पालिकेने पुरातत्त्व आणि वारसा जाणणाऱ्यांना हाताशी धरून बरेच शोधले, उकरून वर घेतले आणि साफ केले. हे काम मनापासून आवडलं, कारण दगड उचलून दुसरीकडे नेला नाही. मैलाचा दगड हलवला तर त्यावरचा आकडाच खोटा ठरतो.

शिळाशोध

धाग्याचा विषय आवडला, पण 'आहे तिथेच ठेवा' याला माझा विरोध आहे. भावना समजते. प्रत्यक्षात आहे तिथे ठेवलेल्या दगडाचं काय होतं? वर धागाकर्त्यानेच सांगितलंय. मुंबईतल्या परळचा, शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ चा लेख संग्रहालयात गेला, म्हणून आज वाचायला मिळतो. तो रस्त्यावर राहिला असता तर कुठल्या तरी इमारतीच्या पायात गेला असता.

आणि नाणेघाट बघा. सातवाहनांनी जुन्नर आणि कोकण यांच्यामधल्या या घाटाच्या तोंडाशी लेणं कोरलं, त्यात राजघराण्याच्या प्रतिमा घडवल्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, महारठी त्रणकयिरो... आज भिंतीवर ब्राह्मीत नावं आहेत, प्रतिमांची फक्त पावलं उरलीत. दोन हजार वर्षं वाटेवर राहिल्याचा हा परिणाम. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा लेख घ्या. शके ११९५ पासूनच्या देणग्यांची ती यादी. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून लोकांनी त्याला पाठ घासली, आणि अक्षरं झिजली. श्रद्धा म्हणून ठीक, लेख म्हणून नुकसान.

संग्रहालय नको असेल तर निदान तालुक्याला एक शेड करा, दगड तिथे आणा, नोंद करा.

ओढ्याकाठी

@शिळाशोध, तुमचा मुद्दा खोडण्यासारखा नाही, पण नाणेघाटाबद्दल माझं मत उलट आहे. प्रतिमा गेल्या तरी आपल्याला कळतं की राजघराणं घाटमाथ्यावर, व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्या डोळ्यांसमोर उभं केलं होतं. शेजारी तो दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात. नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला राज्याची ताकद दिसावी म्हणूनच ते तिथे कोरलंय. ती पावलं कापून मुंबईला नेली असती, तर आपल्याकडे फक्त दगडी पावलं राहिली असती.

लेख असलेला दगड धोक्यात असेल तर हलवा, मी आडवा येणार नाही. लेखात राजाचं नाव असतं, शक असतं, गावाचं नाव असतं. तो कुठेही नेला तरी थोडंफार बोलतो. वीरगळावर बहुतेक वेळा एकही अक्षर नसतं. त्याचं गाव, त्याची खिंड, त्याचा ओढा हीच त्याची माहिती. तालुक्याच्या शेडमध्ये पन्नास वीरगळ ओळीने लावले तर एकही कुणाचा राहत नाही.

हलवणं टळतच नसेल तर आधी जागेचा नकाशा, चारही बाजूंनी फोटो, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते, आणि मग शक्य तितक्या जवळ, त्याच दिशेला तोंड करून उभा करा. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही.

शिळाशोध

लेख असलेले आणि नसलेले यांतला फरक पटला. दिशा नोंदवण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो महत्त्वाचा आहे. शेडबद्दल मी अजूनही ठाम आहे, पण ती गावातच हवी, हे मान्य.

संत्रानगरी

नागपूरचा झिरो माइल कुणीच काढला नाही? वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे. १९०७ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या वेळी हा बसवला. शाळेत आम्हाला सांगायचे की इंग्रजांनी देशाचा मध्य म्हणून हा खांब उभा केला आणि सगळी अंतरं इथून मोजली. खांबाच्या पायथ्याशी काही गावांची अंतरं कोरलेली आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तो मुळात उंची मोजण्याचा पक्का संदर्भबिंदू आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. दशांशानंतरचे तीन आकडे बघा! मोजणाऱ्यांनी किती जीव ओतला असेल. 'देशाचा मध्य' या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट मला जास्त भावते, आणि मोजणीची ही माहिती तिथे ठळक मराठीत असावी अशी फार इच्छा आहे.

इंद्रायणीचा

जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये इथे इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांनी कोंडलं आणि वडगावचा तह करायला लावला. महादजी शिंद्यांचं स्मारक आहे, ते बहुतेकांना माहीत असतं. त्याच गावात कॅप्टन जेम्स स्टुअर्टची समाधी आहे, पोलीस ठाण्याच्या आवारात. तो कार्ल्याजवळ तोफगोळा लागून पडला. मराठ्यांनी त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटलं. शत्रूचा सेनानी, पण शूर म्हणून गावाने त्याची आठवण ठेवली, आजही लोक तिथे नमस्कार करतात. तहाची पाटी आणि समाधीची पाटी एकत्र वाचली तरच वडगावची गोष्ट पुरी होते.

खाडीपलीकडे

वीरगळ झाले, इंग्रज झाले, आता जरा अलीकडचं. उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या माळावर आगरी, कोळी, कातकरी, सगळे कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलाचा कायदा मोडायला गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. सत्याग्रहींबरोबर मामलेदार जोशीही गोळी लागून गेले. गावात हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो.

स्मारकावर नावं असतात, पण जंगलाचा कायदा म्हणजे काय, स्वतःच्याच डोंगरावरचं लाकूड तोडणं गुन्हा का होता, हे नव्या मुलाला कोण सांगणार? माझ्या भाच्याने विचारलं, 'मामा, झाडं तोडायला गेले म्हणून हुतात्मे कसे?' प्रश्न बरोबर होता. राज्यभर अशी हुतात्मा स्मारकं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी नावांपलीकडे काही नाही. पाटीवर 'का' आलंच पाहिजे.

पेठेतली

@खाडीपलीकडे, अगदी. पुण्यात जुन्या वाड्यांवर निळे फलक आहेत, अमुक व्यक्ती इथे राहत असे. ते मला आवडतात, चालता चालता वाचते. पण पुण्यातली मला सर्वांत भिडणारी खूण म्हणजे काही जुन्या भिंतींवरची पानशेतच्या पुराची रेघ. १२ जुलै १९६१. रेघ डोक्याच्या वर असते. तिच्याखाली उभं राहिल्यावर कुणी काही सांगावं लागत नाही. सध्या त्या इमारती एकेक करून पाडल्या जाताहेत आणि नव्या भिंतीवर ती रेघ कुणी परत काढत नाही. सोसायट्यांनी हे मनावर घ्यावं.

फलकावरच्या मजकुराबद्दल: सगळ्यात मोठं अक्षर उद्घाटन करणाऱ्याच्या नावाचं नको. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं पण नकोत, पाच वर्षांत रंग उडतो आणि काही दिसत नाही. खोल कोरलेलं टिकतं. आणि फलक दगडाला ठोकू नका, बाजूला वेगळा खांब करा.

दप्तरखाना

धागाकर्त्याने विचारलंय, काय करता येतं. अनुभवावरून लिहितो.

रस्त्याची आखणी गावात कळते तेव्हाच हालचाल करायची, जेसीबी आल्यावर नाही. ग्रामपंचायतीत गट नंबर, फोटो आणि दगडाची मापं जोडून अर्ज द्या, ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाची प्रत तहसीलदार, राज्य पुरातत्त्व विभागाचं विभागीय कार्यालय आणि रस्ता करणारं खातं, तिघांनाही पोच घेऊन द्या. पोच महत्त्वाची. संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे. गावोगावचे वीरगळ बहुतेक संरक्षित यादीत नसतात, म्हणून तर ठराव हवा. पण शंभर वर्षांपेक्षा जुनं शिल्प १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, हे ठेकेदाराच्या माणसाला शांतपणे सांगितलं तरी तो थांबतो, असं मी पाहिलंय. खणताना जमिनीतून काही निघालं तर १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

भरावातल्या तुकड्यासाठी शाखा अभियंत्याला आजच भेटा. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) सांगितलात तर त्यांना जागा लगेच कळते.

फोटो काढताना खडू, राख, तेल, पीठ, काही काही लावू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, सावलीने अक्षर उठतं. दगड झाडाखाली सावलीत असेल तर रात्री बाजूने बॅटरी धरा. शेंदराचा थर घरी खरवडू नका, खालचं शिल्प निघून येतं. ज्याला कागदावर लेखाचा ठसा घेता येतो त्यालाच घेऊ द्या.

कृष्णाकाठ

बांगड्या आहेत! आज बघून आलो, तीन स्पष्ट दिसतात. आणि बांधात खरंच एक पालथी शिळा आहे, भावकीतल्या चार जणांना घेऊन उलटी करणार आहे. उलटायच्या आधी फोटो काढतो आणि दिशा लिहितो.

अजून एक विचारतो. गावच्या बारवेवर लेख आहे. शक वाचताना एखादा आकडा गेलेला असेल तर काय करायचं?

दप्तरखाना

@कृष्णाकाठ, शिळा पहारीने ढकलू नका, खाली गोणपाट आणि लाकडी ओंडके घ्या.

शकाबरोबर बहुतेक वेळा संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजायचा. वर अष्टागर यांनी आक्षीचा लेख दिलाय त्यावरच करून बघा: ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६. शेहेचाळिसावं संवत्सर परिधावी. आणि लेखात संवत्सर 'प्रधावी' असंच आहे. शक आणि नाव एकमेकांना धरून आहेत.

आता समजा तुमच्या बारवेवर 'शके १६_८ धाता' एवढंच दिसतंय. धाता दहावं. १६१८ घेतलं तर बाकी १० येते, १६७८ घेतलं तरी १० च, मधलं दुसरं कुठलंच बसत नाही. म्हणजे गेलेला आकडा १ किंवा ७. एक साल राजाराम महाराजांच्या काळातलं, मुलूखभर धामधूम चालू असतानाचं, दुसरं नानासाहेब पेशव्यांच्या. मग आकड्याचं वेटोळं कुठल्या बाजूला वळलंय ते तिरप्या उजेडात बघायचं, आणि लेखात कुणाचं नाव आहे ते ताडून बघायचं. इसवी सन हवं असेल तर शकात ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात.

लेखाचा फोटो इथेच टाका, आकडे सुटे सुटे जवळून घ्या.

ओढ्याकाठी

@दप्तरखाना, शाखा अभियंत्यांना भेटलो. माणूस भला निघाला. त्या टप्प्यावर अजून खडीकरण व्हायचंय, भराव उकरायला त्यांनी होकार दिलाय. ग्रामसभेचा ठराव सोबत हवा म्हणाले, तो या आठवड्यात घेतोय. पाटीचा मजकूर असा केलाय, दुरुस्त्या सुचवा:

'वीरगळ. गावची गुरं वाचवताना पडलेल्या वीराचं स्मारक. वीराचं नाव कोरलेलं नाही. ही शिळा इथून जवळच ओढ्याच्या उतारावर, पाण्याकडे तोंड करून उभी होती. रस्त्याच्या कामात तिथून हलवली.'

पेठेतली

मजकूर चांगला आहे. 'जवळच' ऐवजी किती पावलं आणि कुठल्या दिशेला ते घाला. आणि खालची चौकट सापडली तर तिच्यात काय कोरलंय, त्याची एक ओळ वाढवा.